निवड न झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन

शेळीनं शंभूराजभाऊंचं तोंड खाल्लं. सुरुवात मिशीपासून केली.

•

दोन्ही घोटे जुळवून ताठ उभं राहायचं. गुडघे एकमेकांना लागता कामा नयेत.

•

निळी स्कूटी जिनपाल अण्णांच्या दारात उभी राहिली. दिवस मावळायच्या आत गावभर झालं की अण्णांच्या घरात काहीतरी फाटलंय.

•

शिट्टी. एक लांब, दोन तोकड्या. गोठ्यातली म्हैसही उठून उभी राहते.

•

माडीवरून ताट खाली येतं ते पुसून घेतल्यासारखं लख्ख. म्हणजे भूक आहे. खिडकी मात्र बंद.

•

"मध्ये स्वतःचं नाव लिही. भोवती, जी तुझ्या पाठीशी आहेत त्यांची."

साईराजनं मध्ये 'मी' लिहिलं. भोवती दोनच नावं. आई. म्हैस.

वरची पट्टी

तासगावहून आटपाडीकडं जाणाऱ्या रस्त्यावर गावाचा एसटी थांबा आहे. थांब्यासमोर रस्त्याच्या पलीकडे निवृत्त सुभेदार नाथाजींचं घर. घराला माडी, माडीला एक खिडकी. आणि खिडकीच्या बरोबर समोर, थांब्याच्या छतावर, फ्लेक्स:

*गावची शान, आईवडिलांचा अभिमान, आपल्या सर्वांचा लाडका*
*साईराज*
*याची भारतीय सैन्यदलात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!*

खाली शुभेच्छुक. त्यात शंभूराजभाऊ साईराजपेक्षा मोठे दिसतात. गॉगल, गळ्यात साखळी, कानाला मोबाईल. गावातल्या प्रत्येक फ्लेक्सवर भाऊ फोनवर बोलत असतात. पलीकडं कोण असतं हे कुणी विचारलेलं नाही.

निवड झालेली नव्हती.

भरतीचा लेखी पेपर निघाला होता. मैदानात पोरगं असं पळालं की मागचे पळायचे थांबून बघत राहिले. त्याच संध्याकाळी नाथाजींनी फ्लेक्स लावून घेतला. मेडिकल बाकी आहे, असं साईराज बापाला म्हणाला होता. "मेडिकलमधी काय असतंय? तुला काय झालंय?" असं नाथाजी म्हणाले होते. मग मेडिकलला साईराजनं घोटे जुळवले आणि गुडघे आपोआप जुळले. फेरतपासणीतही जुळलेच. एवढ्या जिव्हाळ्याचे गुडघे फौजेला चालत नाहीत.

आता गावातल्या फ्लेक्सचा एक रिवाज सांगायला हवा. लागलेला फ्लेक्स कुणी काढत नाही. त्याच्यावर दुसरा लागतो. वाढदिवसावर बारसं, बारशावर सोसायटीची निवडणूक, निवडणुकीवर भावपूर्ण श्रद्धांजली. सगळे चार दिवसांचे पाहुणे. पण साईराजच्या फ्लेक्सवर दुसरा लावायला कुणाचा हात धजेना. फौजीच्या तोंडावर कुणाचा वाढदिवस लावायचा? पुढाऱ्यांचे वाढदिवस गपगुमान विजेच्या खांबावर गेले. बेदाण्याच्या शेडची जाहिरात पिंपळावर गेली. निवड हुकल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तर मान जास्तच राखला गेला. धूळ बसली तेव्हा एका भल्या माणसानं बादली आणून फ्लेक्स धुऊनही काढला.

साईराज तेव्हापासून माडीवर. खिडकी लावलेली. बापलेकांचं बोलणं बंद. एकमेकांना काही सांगायचं झालं तर दोघंही म्हशीला सांगत, आणि साईराजची आई अंबूबाई ते पुढं पोचवत.

डावी बाजू

राजेश्वरी कडेगावची. घरी ऊस, पण तिला समाजकार्य शिकायचं होतं. शिकली, आणि तासगावच्या एका कुटुंब आधार केंद्रात लागली. केंद्रानं तिला निळी स्कूटी दिली. स्कूटीवर पुढं-मागं ठळक अक्षरांत: *कुटुंब आधार केंद्र. अडचणीतल्या घरांच्या सोबत.* मदत कुठं मिळते ते लोकांना लांबूनच कळावं, असा केंद्राचा विचार. लोकांना लांबूनच कळायला लागलं, पण ते असं: स्कूटी ज्या दारात, ते घर अडचणीत.

अंबूबाईंनी तिला बचत गटाची बैठक सुटल्यावर कोपऱ्यात गाठलं.

"मॅडम, आमच्या शेजारणीचा पोरगा हाय. खोलीतनं भाईर ईना. बापासंगं बोलंना."

"शेजारीण कुठं राहते?"

अंबूबाईंनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "आमच्याच घरात."

राजेश्वरी आली, तर अंबूबाई रस्त्यातच आडव्या. "गाडी दारात नगं. पलीकडं थांब्याशेजारी अण्णांच्या दारात लावा. त्येंचं दार लय मोठं हाय."

नाथाजी ओसरीवर खुर्चीत ताठ बसलेले. समोर चहा, गळ्यात दोरीला शिट्टी. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण शिट्टी अजून नोकरीत होती.

"मॅडम, पोराला काय झाल्यालं न्हाई. डिसिप्लिन हल्लंय. म्हयनाभर माझ्या ताब्यात द्या."

"तो तुमच्याच घरात आहे की."

"घरात हाय. ताब्यात न्हाई."

राजेश्वरी जिना चढली आणि बंद दारासमोर पायरीवर बसली. पहिल्या भेटीत दाराशीच बोलली. दुसऱ्या भेटीत दारानं एकदा खोकून उत्तर दिलं. त्याच्या पुढच्या वेळी आतून आवाज आला.

"मॅडम, दारापुढं बसायचा पगार मिळतो व्हय तुमाला?"

"मिळतो. फार नाही."

"खोलीत बसायचा मिळतो का कुठं? अनुभव हाय मला."

दोघंही हसले. दार बोटभर उघडलं. एवढ्यावर ती उठली आणि खाली आली. केंद्रातल्या प्रशिक्षणात तिला शिकवलं होतं की बोटभर दार उघडलं म्हणून पाय घालायचा नाही.

खाली जिनपाल अण्णा स्कूटीजवळ उभे. अण्णा बेदाण्याचे व्यापारी; आवाज असा की समोरच्याला वाटावं, लिलाव चाललाय.

"मॅडम, एक इचारू? माझ्या घरात नक्की अडचण काय हाय?"

"काहीच नाही, अण्णा."

"मला न्हाई कळली आजून, पर गावाला कळलीया. काल एक अडत्या इचारत हुता, वाटण्या कवा हायत? आमच्या सुनंच्या, दीपालीच्या माहेरास्नं फोन, पोरगी सुखात हाय न्हवं? आन् आमच्या आईला, आक्काताईला, बस्तीत दर्शनाला गेलं की बायका जवळ घेऊन धीर देत्यात. आई घरी येऊन मलाच म्हणती, जिनपाल, खरं सांग, तू काय केलंस?"

"अण्णा, माफ करा. उद्यापासून गाडी दुसरीकडं लावते."

"आता नगं! आता गाडी हलली तर म्हणतील, अडचण हाताभाईर गेली."

उजवी बाजू

राजेश्वरीच्या पिशवीत एक साधं काम होतं, केंद्रात सगळ्या मुलांकडून करून घेतात तसं. कोऱ्या कागदावर मध्ये आपण. भोवती आपल्या पाठीशी असलेली माणसं. त्याला आधारवर्तुळ म्हणतात. वर्तुळ भरत जातं तसं माणूस हळूहळू बाहेर येतो, असं म्हणतात.

साईराजचं वर्तुळ आपण वर पाहिलंच.

राजेश्वरी खाली ओसरीवर अंबूबाईंशी बोलत होती; कागद जिन्यावरच राहिला. चष्मा शोधायला निघालेल्या नाथाजींना तो सापडला. त्यांनी तो लांब धरून पाहिला, जवळ आणून पाहिला, मग म्हशीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "मदी फोटो, भवतीनं माणसं. ह्यो तर फ्लेक्स झाला!"

माडीवर धाडकन दार उघडलं. साईराज जिन्याच्या वरच्या टोकाला आला. दाढी वाढलेली, बनियन उलटं. बापाकडं न बघता तो राजेश्वरीला म्हणाला,

"मॅडम, त्यांना सांगा, फ्लेक्सच हाय. लावा की मग हाबी! निवड न झाल्याबद्दल अभिनंदन. बघू, फोटो कोण देतंय. आई देईल. म्हस देईल. खाली सगळी जागा मोकळी. गाव बघू दे."

नाथाजी म्हशीला म्हणाले, "फौजीच्या घराची इज्जत हाय म्हणावं. असलं काय लागलं तर मी जाळीन."

"पैला लावताना इचारलं हुतं का मला?" हे साईराज राजेश्वरीलाच म्हणाला, पण आवाज जिना उतरून ओसरीपर्यंत गेला.

नाथाजींनी म्हशीकडं पाहिलं. तिनं तोंड फिरवलं.

राजेश्वरीनं कागद घडी करून पिशवीत टाकला. "साईराज, आणि समजा भरला तर? फ्लेक्स. एकही जागा मोकळी न राहता?"

"भरतोय कसला!"

"भरला तर?"

"तर दाढी करून समोर थांब्यावर येतो आन् सगळ्यांदेखत चहा पितो. आन् न्हाई भरला तर तुमी परत यायचं न्हाई. दारबी वाजवायचं न्हाई."

असली पैज लावावी असं कुठल्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत. राजेश्वरी "ठीक आहे" म्हणाली आणि त्याच दिवशी दारोदार फोटो मागायला निघाली.

शुभेच्छुक

*शंभूराजभाऊ:* "मॅडम, चेष्टा करताय का? इलेक्शन तोंडावर हाय. नापासाच्या फ्लेक्सवर माझा फोटो? लोक म्हणतील, भाऊबी पडणार."

*जिनपाल अण्णा:* "माझा घ्या. आईचा घ्या, दीपालीचा घ्या. आन् खाली बारीक अक्षरात लिवा, अडचण समोरच्या घरात हुती."

"तसं नाही लिहिता येत, अण्णा."

"बरं, नुसता फोटो घ्या. एवढे दिस गाडी दारात उभी केली, आता आपलंच पोरगं म्हणायचं."

*बिराप्पा, मेंढरं राखणारे:* "माझ्या शेळीनं पैल्या फ्लेक्सचा लोंबता कोपरा भाऊंच्या तोंडासकट खाल्ला, तवाधरनं भाऊ बोलत न्हाईत. माझा टाका. शेळीसकट टाका. तिलाबी वाईट वाटलंया."

*अंबूबाई:* "माझा हळदीकुंकवातला घ्या, त्यात मी बारीक दिसते."

एवढ्यावर गाडी अडली. बऱ्याच घरी चहा मिळाला, पोहे मिळाले, फोटो मिळेना. "आवं मॅडम, पोरगं गुणी हाय. पर फ्लेक्सवर कसं?" एकानं तर सुचवलं, फोटो देतो पण तोंड पुसट छापा.

मग टेम्पो चालवणारा यशराज केंद्रावर आला. दाराच्या चौकटीत उभा राहून टाचेनं फरशी उकरत राहिला.

"मॅडम, माझा घेता का? म्हंजी, मीबी भरतीत उडाल्यालो. छाती फुगली न्हाई. गावात सांगितलं, मीच नगं म्हनलो."

"गावात कुणाला माहीत नाही?"

"बायकोला न्हाई म्हाईत. फ्लेक्सवर बघंल आता."

दुसऱ्या दिवशी यशराजनं टपरीवर हे स्वतःच सांगून टाकलं. त्यानंतर टपरीवर जे सुरू झालं ते थांबेना. एकाचे दात. एकाचा कान. एकाला लाल-हिरवं सारखंच दिसायचं, हे त्याला भरतीतच कळलं. तोवर तो कच्ची मिरचीही पिकलेली समजून तोडायचा. शाळेत पीटी शिकवणारे गुरुजी मैदानातच आडवे झाले होते. गावातून फौजेत गेलेल्यांचे फोटो ग्रामपंचायतीत भिंतभर लावलेले. न गेलेले एका टपरीत मावेनात.

"तुमचं मेडिकल तरी झालं. आमाला गेटवरनंच परत धाडलं."

"गेटवरनं? मग तू कसला नापास? तू तर गैरहजर!"

"ए, पावती हाय माझ्याकडं!"

सगळ्यांचे फोटो आले. तासगावच्या फ्लेक्सवाल्या धनाजीनं चौकटी लहान केल्या, आणखी लहान केल्या, मग हात टेकले.

तेवढ्यात त्याला फोन.

"धनाजी, भाऊ बोलतोय. त्या नापासाच्या फ्लेक्सवर जागा हाय का?"

"न्हाई भाऊ. फुल्ल झालाय."

"आरं, आख्खं गाव फ्लेक्सवर आन् मी न्हाई? लोक काय म्हणतील, भाऊ गावात न्हाईत का काय?"

"आवं, ही नापास झाल्याली माणसं हायत."

"मीबी झालोय की नापास!"

"कशात?"

पलीकडून आवाज बारीक झाला. "धावीत. गणितात."

"ही सैन्याची हायत, भाऊ."

"मग कोपऱ्यात टाक रं गड्या. शेळीपशी चालंल."

धनाजीनं तसं बसवलं. तरी एक चौकट उरत होती, खाली अगदी मध्यभागी. राजेश्वरीनं ती नाथाजींसाठी ठेवायला सांगितली होती. ती स्वतः दोनदा जाऊन आली. नाथाजींनी चहा दिला, फोटो दिला नाही.

"मोकळी जागा बरी दिसत न्हाई मॅडम. तुमचा टाकू?"

"नको. ती बुक आहे."

"आन् ते न्हाईच म्हनले तर?"

राजेश्वरीला पैज आठवत होती. एक चौकट मोकळी म्हणजे फ्लेक्स भरला नाही. भरला नाही म्हणजे दार परत वाजवायचं नाही.

मधला मोठा फोटो मात्र धनाजीकडं आधीच आलेला होता. भरतीतला नव्हे, त्यात साईराज पोलिसानं धरून आणल्यासारखा दिसायचा. या फोटोत तो तोंड उघडं टाकून हसत होता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, कॅमेऱ्याच्या किंचित वर बघत. अंबूबाईंनाही आठवेना हा कधीचा. साताऱ्याला दिलेल्या थोरल्या लेकीला, अंकिताला, त्यांनी फोन करून विचारलं. ती म्हणाली, मी नाही पाठवला.

"कुणी पाठवला?" राजेश्वरीनं धनाजीला विचारलं.

"मोबाईलवर आलाय. नाव सांगू नगं म्हनलेत."

मोकळी चौकट

सकाळची एसटी गेली आणि यशराज टेम्पोतून फ्लेक्स घेऊन आला. धनाजी शिडी घेऊन. थांब्यावर माणसं जमली. प्रत्येकाला आधी आपलं तोंड बघायचं होतं. जुन्या फ्लेक्सवर नवा चढला:

*निवड न झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!*

चढला, पण वाकडा. धनाजी एका टोकाला, यशराज दुसऱ्या टोकाला, दोघं एकमेकांवर ओरडताहेत. वारा सुटलेला. शेळी खाली वाट बघत होती.

समोर ओसरीवर नाथाजी पाठ करून बसले होते. जाळायची भाषा केलेली, काडेपेटी खिशात. मागं गलका वाढला तशी त्यांनी मान वळवली. फ्लेक्स पाहिला. अपमान सहन झाला असता कदाचित. वाकडेपणा सहन होईना.

शिट्टी वाजली.

"थांबा! कोण बांधतंय ते? लाईन हाय का ती, का सापाची चाल? उतर खाली!"

नाथाजी रस्ता ओलांडून शिडीवर चढले. "यशराज, वायर वड. आनी वड. धनाजी, ढील दे. ढील म्हनलो, सोड न्हाई!" त्यांनी वरचा काठ घट्ट बांधला, मग खालचा ताणायला दोन पायऱ्या उतरले. फ्लेक्सला एवढं चिकटून उभं राहिलं की फ्लेक्सचं एक टोकही दिसत नाही. "आलं का लाईनीत?"

खालची माणसं मान तिरकी करून बघत होती. कुणी म्हणालं आलं, कुणी म्हणालं न्हाई, बिराप्पा म्हणाले शेळी उतरती दिसतीया.

कडी वाजली. माडीवरची. खिडकीचं एक दार उघडलं, गंजलेलं होतं म्हणून अडखळलं, मग दुसरं. साईराज. अर्ध्या गालावर दाढीचा फेस.

"उजवीकडनं वर घ्या!"

थांब्यावरच्या माना एकदम वळल्या.

नाथाजी शिडीवरच वळून उभे राहिले, पण नजर खालीच ठेवून म्हणाले, "कुठलं उजवं? तुजं का माजं?"

"तुमचं न्हाई, माजं!"

"तुज्या उजव्याला माजा डावा हात लागतोय! नीट सांग!"

"मग डावं वर घ्या, आबा!"

'आबा' ऐकून अंबूबाईंनी पदर तोंडाला लावला. राजेश्वरी स्कूटीला टेकून उभी होती. तिनं खिडकीकडं बघून नुसते हात पसरले: भरला नाही, मी हरले.

पण खिडकीतून वेगळं दिसत होतं. शिडीवर नाथाजींनी घाम पुसत, नजर उचलून थेट खिडकीकडं पाहिलं तेव्हा त्यांचं डोकं बरोबर खालच्या मधल्या चौकटीत आलं होतं. चारी बाजूंनी सोनेरी किनार. एका बाजूला आक्काताई, दुसऱ्या बाजूला पीटीचे गुरुजी, आणि मध्ये ते, तोंडात शिट्टी.

"हलू नगा!" साईराज ओरडला.

"का? काय झालं?"

"तितंच थांबा! मॅडम, बघा! भरला!"

"काय भरलं? आरं, माझा पाय भरून आलाय!"

"थांबा म्हनलो न्हवं, आबा! मी येतो खाली. वरनं सांगून तुमाला कळत न्हाई."

जिन्यावर पावलं वाजली. दार उघडलं. साईराज रस्ता ओलांडून आला, अर्धी दाढी तशीच, पायांत अंबूबाईंच्या चपला. आला आणि दोन्ही हातांनी शिडी धरली.

"आता उतरा."

"आदी लाईन सांग."

साईराज मागं न सरकता, मान वर करून बघत राहिला. "सरळ हाय."

टपरीवाल्यानं चहा आणला. शंभूराजभाऊंनी कानाचा मोबाईल खाली घेतला आणि म्हणाले, "माझ्या आन् शेळीच्या मदी जरा जागा ठेवायला पायजे हुती."

साईराज चहा प्यायला. सगळ्यांदेखत, ठरल्याप्रमाणं. दुसरा कप त्यानं नाथाजींपुढं धरला. नाथाजींनी घेतला आणि बशीत ओतला.

जिनपाल अण्णा हळूच राजेश्वरीजवळ आले. "मॅडम, आता गाडी माझ्या दारातनं काढली तरी चालंल."

"काढते, अण्णा."

"न्हाई, तसं न्हाई. आजच्या दिस तितंच ऱ्हाऊ द्या. आई कुणाला तरी घिऊन आलीया, तिच्या भैणीच्या नातवाचं कायतरी हाय."

अंकिताच्या हळदीत नाथाजी मोबाईलवर साईराजचा फोटो काढता काढता पाटावरून घसरून हळदीच्या परातीत बसले होते.